थकणारी गाठ

बांधाकाठचं घर, ईस्ट फ्रिसिया
६ फेब्रुवारी २०१९

अल्मुट,

रेम्टला मातीत ठेवून सहा वर्षं होतील. तेव्हापासून नाताळच्या कार्डापलीकडे आपल्या दोघींत काही गेलं-आलं नाही, आणि त्या कार्डावरही तू नुसती सही करतेस. तरी लिहितेय. फोन करत नाही, कारण इम्के हल्ली भिंतीपलीकडूनही ऐकते.

तिला ऑक्टोबरात मुलगी झाली हे तुला ठाऊक आहे. ताल्के नाव ठेवलं. तुझ्या भावाची, रेम्टची, पहिली नात, कपाळ अगदी त्याचंच. जानेवारीत तिचं पोट फुगायला लागलं. मला वाटलं वारा धरला असेल, म्हणून मी चार दिवस बडीशेपेचं पाणी पाजत बसले. मग अंघोळ घालताना पाठीवर निळसर डाग दिसले. हात फिरवला तर डागांखाली वाटाण्यासारखं टणक लागलं.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर ब्राकेलमान म्हणून बाई आहेत. मूत्रपिंडाच्या वर एक बारीक ग्रंथी असते, तिथे गाठ आहे म्हणाल्या. यकृतात पसरलीय, कातडीतही आलीय. नाव न्यूरोब्लास्टोमा. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

आपला जावई ओनो म्हणाला, "मग औषध कधी सुरू करायचं?"

"लगेच नाही. आत्ता आपण थांबून लक्ष ठेवू."

"थांबू म्हणजे?"

"म्हणजे बाळाला त्रास होत नसेल तर काही द्यायचं नाही."

इम्केने मान डोलावली. तिला वाटलं, चांगलीच बातमी आहे. मी मात्र हे वाक्य आधी ऐकलंय. रेम्टच्या शेवटच्या महिन्यात त्याचे डॉक्टर हेच बोलले होते, एवढ्याच गोड आवाजात.

तू तीस वर्षं कॅन्सरचाच अभ्यास करत बसली आहेस. मला सरळ सांग, पोरीला सोडून दिलंय का?

गेशे

----

कलोन
९ फेब्रुवारी

गेशेवहिनी,

नाही. सोडून दिलेलं नाही. हे आधी लिहिते, पुढचं सावकाश वाच.

रेम्टच्या वेळी थांबलो ते औषधं संपली म्हणून. ताल्केच्या वेळी थांबतात ते वेगळ्याच कारणाने. इतक्या लहान बाळांत ही गाठ कधीकधी आपणहून विरून जाते. यकृतापर्यंत पसरलेलीसुद्धा. कॅन्सरमध्ये असं जवळजवळ कुठेच होत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. मी ते छायाचित्रांत पाहिलंय, एकदा नव्हे, पुष्कळदा.

पण सगळ्या गाठी अशा नसतात. काही फार वाईट असतात. म्हणून तर तो तुकडा पाठवला. त्यात एक गोष्ट बघतात, आणि नेमका तोच माझा विषय आहे. रेम्टच्या दफनानंतर चहा पिताना तू विचारलं होतंस की मी तिकडे करते तरी काय. मी सांगू लागले आणि तू कप उचलून आत निघून गेलीस. मी रागावले नाही, तो दिवसच तसा होता. आता सांगते.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना थोडा जास्तीचा भाग असतो. एका पेशीच्या दोन पेशी व्हायची वेळ आली की दर खेपेला त्या टोकाचा थोडा भाग झिजतो. झिजत झिजत फार आखूड झाला की पेशी दुभागायची थांबते. अंगात एक पदार्थ असतो, टेलोमरेज, तो ही टोकं पुन्हा भरून काढतो. पोटातल्या बाळाला तो लागतो. नंतर बहुतेक पेशींत तो बंद होतो आणि बंदच राहतो. कॅन्सरच्या पेशी करतात काय, तर तो पुन्हा चालू करून घेतात. मग त्यांना थांबायची वेळच येत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच: ताल्केच्या गाठीत टेलोमरेज चालू आहे की बंद. बंद असेल तर गाठ थकेल.

मी तिची डॉक्टर नाही, आणि इथे बसून काही ठरवणं मला शोभणार नाही. ब्राकेलमान बाईंचं ऐका. पोरगी दूध पिते का? श्वास कसा आहे? एवढं कळव.

अल्मुट

----

बांधाकाठून
१६ फेब्रुवारी

अल्मुट,

दूध पिते. श्वास ठीक आहे. पोट मात्र ढोलासारखं.

तपासणीचा निकाल काल आला. ब्राकेलमान बाई म्हणाल्या, गाठीत टेलोमरेज नाहीच म्हटलं तरी चालेल, बाकीच्या खुणाही चांगल्या आहेत, तर थांबू या. तुझं पत्र वाचलेलं असल्यामुळे तो शब्द मला एकटीला कळला. ओनो माझ्याकडे बघतच राहिला.

तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. रेम्टच्या गाठीत ते कुणी चालू केलं? पाठीवरच्या एका काळ्या तिळापासून सुरुवात झाली होती. तीळ काढला, वर्षभर बरं गेलं, मग फुप्फुसात, मग डोक्यात. माणूस थकला, अल्मुट, गाठ थकली नाही. आणि तुला तेव्हाही हे सगळं ठाऊक होतं.

दुसरं. ओनोने एक खासगी दवाखाना शोधलाय, सीमेपलीकडे. ते म्हणतात, आणा, सोमवारी औषध सुरू करू. इम्के नाही म्हणते. दोघं जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत. खरं सांगू, मला ओनोचं पटतं. बाप आहे, काहीतरी करावंसं वाटणारच. हातावर हात ठेवून बसा असा सल्ला खुर्चीत बसून द्यायला सोपा असतो, वन्संबाई.

मेंढ्या व्यायला लागल्यात. आज सकाळी जुळी झाली.

गेशे

----

कलोन
२० फेब्रुवारी

गेशेवहिनी,

खुर्चीबद्दलचं मान्य. खुर्चीत बसूनच लिहितेय.

आता रेम्टचं. त्याच्या गाठीत नेमकं काय झालं ते कुणी तपासलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण तसल्या कातडीच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा काय सापडतं ते सांगते. टेलोमरेज बनवणारा जो जनुक, त्याच्या अलीकडे एक लहानसा पट्टा असतो. जनुक चालू ठेवायचा की बंद, ते तिथे ठरतं. जनुक धडधाकट असतो, बिघडतो तो हा पट्टा, आणि तोही किती, तर एका अक्षराने. उन्हाने असा बदल होऊ शकतो. त्या एका अक्षराच्या बदलाने पेशीतली नको ती प्रथिनं तिथे येऊन चिकटतात आणि बंद जनुक चालू होतो. रेम्ट चाळीस उन्हाळे बांधावर उघड्या पाठीने मेंढ्यांमागे फिरला. त्यात त्याची चूक नाही, तुझी तर नाहीच.

कातडीच्या गाठींतला हा बदल जगाला कळला तो रेम्ट गेला त्याच वर्षी. मी तो शोधनिबंध वाचत होते आणि त्याची पाठ माझ्या डोळ्यांपुढे होती. तुला फोन करावासा वाटला. काय बोलणार होते? आणि कळून तरी त्याला उपयोग नव्हता. टेलोमरेज बंद करायची औषधं आम्ही अजून शोधतोय. बंद केलं तरी टोकं झिजेपर्यंत गाठ वाढतच राहते, आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींनाही तो पदार्थ लागतो. सोपं असतं तर मी एव्हाना निवृत्त झाले असते.

ओनोला म्हणावं, मला फोन कर. हवं तेवढं ओरड. ती औषधं गाठीवर जशी चालतात तशी पोरीवरही चालतात. काही मुलांचे कान जातात, काहींचं हृदय कमजोर होतं. गरज पडली तर ब्राकेलमान बाई एका मिनिटात देतील. गरज नसताना देऊ नका, एवढंच.

आणि एक सांगून ठेवते, ते विसरू नकोस. विरण्याआधी ही गाठ काही आठवडे वाढू शकते. तेव्हा घाबरायला होईल.

अल्मुट

----

१ मार्च

वन्संबाई,

पोट वाढलं. काल सकाळपासून ताल्के कुत्र्याच्या पिल्लासारखी धापा टाकतेय. यकृत वर छातीत दाबतंय म्हणाले. दाखल करून घेतलंय, नाकात नळी आहे. इम्के तिथेच आहे. मला मेंढ्या सोडून हलता येत नाही, रोज पाच-सहा वितात आणि मदतीला कुणी नाही.

तू म्हणालीस थांबा. थांबलो.

तुमच्याकडे कार्निव्हल सुरू झाला असेल.

गेशे

----

कलोन
१० मार्च

गेशेवहिनी,

तुझं पत्र हातात पडलं आणि मी तशीच स्टेशनवर गेले. सारं शहर विदूषकांच्या कपड्यांत नाचत होतं, आणि मी एकटी राखाडी कोटात त्यांच्यातून वाट काढत होते. तुझ्याकडे न येता थेट रुग्णालयात गेले. इम्केने तुला फोनवर कळवलं आहेच. तरी तू तिथे नव्हतीस, म्हणून मी जे पाहिलं ते लिहिते.

ताल्केला मी प्रथमच पाहत होते. कपाळ खरंच त्याचं आहे. पोटावरच्या निळ्या शिरा दिसत होत्या आणि बरगड्या आत ओढल्या जात होत्या. इम्के पाळण्याच्या कडेला हनुवटी टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आत्या, तू आलीस म्हणजे वाईट आहे का?"

"मी आले कारण तुझी आई मला कडू पत्रं लिहिते," म्हटलं. ती हसली, मग रडली, मग पुन्हा पाळण्याकडे वळली.

ओनो बाहेर बाकावर होता. बोटीवरून थेट आलेला, अंगाला कोळंबीचा वास. मला बघून उठलासुद्धा नाही.

"आत्या, जाळं अडकलं की मी सोडवतो. नाही सुटलं तर कापतो. इथे मला म्हणतात, बस."

मी शेजारी बसले. त्याला पाठ करून आणलेलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. थोड्या वेळाने ब्राकेलमान बाई बाहेर आल्या. त्याने तेच त्यांना ऐकवलं. त्या वैतागल्या नाहीत, त्यांनी त्याला आत नेलं.

"हा आकडा बघा. तिच्या रक्तातला प्राणवायू. हा या रेघेखाली गेला की मी थोडं औषध देणार. ते बघा, त्या कपाटात तयार ठेवलंय. तोवर तिचं शरीर स्वतः काम करतंय, त्याला करू द्या. तुम्ही बसून नाही आहात, तुम्ही पहाऱ्यावर आहात."

त्यानंतर ओनो त्या आकड्यापुढून हलला नाही. रविवार गेला. सोमवारी आकडा रेघेला टेकला. परिचारिका कपाटाची किल्ली घेऊन उभी होती, मीसुद्धा मनात म्हणत होते, द्या आता. तीस वर्षांचं माझं सगळं ज्ञान त्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे. आकडा तिथेच थरथरत राहिला, आणि मग एका अंकाने वर आला.

मंगळवारी सकाळी सोनोग्राफी झाली. बाई बराच वेळ पडद्यावर मापं घेत होत्या.

"वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या.

ओनो म्हणाला, "म्हणजे कमी झालं?"

"नाही. शनिवारी होतं तेवढंच आहे. वाढायचं थांबलंय."

"थांबलंय," ओनो म्हणाला, आणि तो मोठा माणूस भिंतीला पाठ घासत खाली फरशीवर बसला. इम्केने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत मी प्रथमच त्यांना एकमेकांना हात लावताना पाहिलं.

बुधवारी ताल्केने पूर्ण बाटली संपवली आणि माझा चष्मा ओढला. मग मी निघाले.

अल्मुट

----

बांधाकाठून
१४ मार्च

प्रिय अल्मुट,

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं आणि मग घरात येऊन पुन्हा वाचलं.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. तुझं विसाव्या तारखेचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ओनोने गाडीत सामान भरलं होतं. पाळणा, बाटल्या, सगळं. इम्के गावात गेली होती. तो आत आला आणि म्हणाला, "आई, तिला द्या." ताल्के माझ्या मांडीवर झोपली होती. तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं.

मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठली की ने."

तो म्हणाला, "किती वेळ?"

"चहा कर तोवर."

त्याने चहा केला. ती उठली नाही. दुसरा केला. खडीसाखर संपली तरी मी तिला थोपटतच होते, झोप मोडू देत नव्हते. शेवटी तो समोर बसला आणि म्हणाला, "आई, तुम्ही देणारच नाही आहात."

"नाही," म्हटलं, "आणि असं का करतेय ते मलाही नीट समजावता येणार नाही. अल्मुटला फोन कर."

त्याने फोन केला नाही, पण गाडीतलं सामान उतरवलं.

तुला कडू पत्र लिहीत होते तेव्हा असं सगळं झालं होतं. मग पोरीची धाप सुरू झाली. ज्या दिवशी मी तिला सोडलं नाही, त्याच दिवशी मी तिला मारलं असं मला वाटलं. तुझ्यावर टाकलं ते त्यामुळे. एकटीने उचलवत नव्हतं.

ताल्के परवा घरी आली. पोट अजून मोठंच आहे, पण श्वास शांत आहे. सत्तेचाळीस कोकरं झाली, एकच गेलं.

गेशे

----

कलोन
१८ मार्च

गेशेवहिनी,

तू मांडीवरून उठली नाहीस. वैद्यकीय पुस्तकांत या उपचाराला नाव नाही, पण असायला हवं.

मग माझंही ऐक. देशभरातले असे तुकडे जिथे तपासायला येतात, ती जागा आमच्याच इमारतीत आहे. ताल्केचा तुकडा आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं. पण तीन महिन्यांची मुलगी, यकृत, कातडी, उत्तरेकडचं रुग्णालय. मी ओळखलं. तुला ते पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो माझ्यापासून दोन दारं पलीकडे शीतकपाटात होता. मी सहकाऱ्याला सांगितलं, हे माझ्या घरचं असावं, मी हात लावणार नाही, निकालही मला आधी सांगू नका. तो आठवडा मी त्या दारावरून जाताना उगाच पावलं जोरात टाकत होते.

आयुष्यभर मी ज्या गाठींवर काम केलं त्यांत टेलोमरेज चालू असायचं, आणि का चालू आहे याचा शोध आम्ही घ्यायचो. ते नसलेली गाठ समोर आली की प्रयोग फसला असं वाटायचं. तुझ्या पत्रातून निकाल कळला तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना केक दिला. कशासाठी ते सांगितलं नाही.

अल्मुट

----

बांधाकाठून
२१ जून

प्रिय अल्मुट,

पोट उतरलं. यकृत जवळजवळ आपल्या जागी गेलंय. लघवीत गाठीची जी खूण मोजतात ती निम्म्याहून कमी झाली. पाठीवरचे निळे दाणे गेले, मी रोज अंघोळीला बोटांनी शोधते आणि सापडत नाहीत. औषधाचा एक थेंब दिलेला नाही.

लोकर कातरायला शेजारचे आले होते. चहाला बसल्यावर गावच्या शाळेतल्या मास्तरांनी विचारलं, असं औषधाशिवाय कसं बरं होतं, प्रार्थनेनेच ना? मी म्हटलं, प्रार्थना केलीच, पण त्या गाठीला स्वतःची टोकं भरून घेता येत नव्हती, म्हणून ती थकली. पाद्रीबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, गुणसूत्रं धरून सगळं. एक शब्द अडला नाही. कातरणारा पोरगा म्हणाला, "गेशेकाकू, तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेकडे. तिचं सगळं ऐकायला मला सहा वर्षं लागली."

एक विचारते. रेम्टसारख्यांची गाठ अशीच थकवता येईल असं कधी होईल का?

गेशे

----

कलोन
२७ जून

वहिनी,

होईल असं मी प्रामाणिकपणे मानते. केव्हा ते माहीत नाही. ताल्केसारख्या बाळांनी एवढं दाखवून दिलंय की गाठीकडून ती ताकद काढून घेतली तर ती अंगभर पसरलेली असूनही हरते. मी त्याच्याच मागे आहे. माझ्याकडे दोन नवीन मुली कामाला आल्यात, माझ्यापेक्षा हुशार, आणि माझं अजिबात ऐकत नाहीत. मला त्याचा फार आनंद आहे.

शरद ऋतूतल्या तपासणीचं लगेच कळव. पत्राची वाट बघायला लावू नकोस, फोन कर.

अल्मुट

----

बांधाकाठून
२४ ऑक्टोबर

प्रिय अल्मुट,

फोनवर मला काल बोलता आलं नाही, नुसते हुंदके देत होते, तूही तेच करत होतीस. म्हणून नीट लिहिते.

काल एमआरआय होता. इम्के आणि ओनो सकाळीच गेले. मी मागे राहिले, मेंढ्या हिवाळ्याच्या कुरणात उतरवायच्या होत्या. दुपारी फोन करतो म्हणाले होते. दोन वाजले, तीन वाजले. मी फोन खिशातून काढून बघायची आणि परत ठेवायची. शेवटी कळलं की त्याची बॅटरीच संपलीय. घरी जाऊन चार्जिंगला लावायला हवा होता. पण घरी गेले की कळणार होतं, म्हणून बांधावरच थांबले.

तिथे काय घडलं ते इम्केने रात्री सांगितलं. ब्राकेलमान बाईंनी चित्रं लावली, आधीची आणि आत्ताची. जिथे गाठ होती तिथे तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी उरलंय. व्रण म्हणाल्या. यकृत साफ. लघवी साफ.

ओनोने विचारलं, "मग आता काय करायचं?"

"तीन महिन्यांनी दाखवायला आणा."

"आणि तोवर?"

"तोवर जेवू घाला. पायऱ्यांना फाटक बसवा, ही लवकरच चालेल."

परत येताना ओनोने गाडी घराकडे न वळवता बंदरावर नेली. धक्क्यावर उभं राहून त्याने ताल्केला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, एवढंच. ओरडला नाही, काही बोलला नाही. त्याच्या बोटीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाने पाहिलं आणि भोंगा वाजवला. मग शेजारच्या बोटीने. मग तिच्यापुढच्या. धक्क्यावर होत्या तेवढ्या सगळ्या बोटी वाजायला लागल्या. ताल्के आधी दचकली, तोंड वाकडं केलं, आणि मग असं खिदळायला लागली म्हणे की इम्केला तिला आवरता येईना.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बांधावर होते आणि वारा बंदराकडून होता. आधी एक भोंगा ऐकू आला. कुणीतरी बोट काढत असेल म्हटलं. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि मग ते थांबेचनात. ओहोटी होती, अल्मुट. त्या वेळी एकही बोट निघत नाही. सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या आणि बंदराकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं. मी काठी टाकून गवतात बसले, आणि आवाज संपेपर्यंत ऐकत राहिले.

रविवारी वाढदिवसाचा केक आहे. दुपारच्या गाडीला ओनो घ्यायला येईल.

तुझी
गेशेवहिनी